खुडलेले शेंडे

३ मार्च
दादाच्या डोळ्याची पट्टी निघाली. डाव्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्याचं महिनाभराने. तोवर इथेच राहा म्हटलं. चक्क हो म्हणाला. दिंद्रुडचं घर-रान सोडून माझ्याकडे एवढा पहिल्यांदाच. काळा चष्मा लावून गॅलरीत बसतो. कुंड्यांतली माझी दोन सफरचंदं बघून,
"ह्याला फांद्या कावून न्हाईत रे?"
म्हटलं, जातच तशी. खांबासारखं सरळ वर जातं, खांबालाच फळ धरतं.
"बिनहाताचा गडी हाय म्हण की!"
लई हसलो दोघं.

७ मार्च
दुकानात विहिरींवरच्या जळक्या मोटारींची रांग. एकीचं बेअरिंग नुसतं ऐकून सांगितलं, गिऱ्हाईक चाट. घरी दादाला करमत नाही. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. आज भावजयीला, सुनंदाला म्हणाला, "भांडी तरी घासू दे."

१० मार्च
घरी आलो तर दोन्ही झाडांचे शेंडे खुडलेले. नखाने, हरभऱ्याचे खुडतात तसे. दादा खूश. "आता बघ कसा फुटवा येतो!"
आणि खांबाच्या झाडाचं सगळं त्या शेंड्यात. दोन वर्षं जपलेला. शेजारचे चहाला बसलेले, त्यांच्यादेखत बोललो. "दादा, हे तुझं रान न्हाई. माझं घर हाय. विचारत जा."
दादा नखातलं हिरवं धोतराला पुसत राहिला.

११ मार्च
सकाळी पिशवी भरून तयार. "रानात काम हाय." स्टँडवर सोडतो म्हटलं तर, "तू दुकान उघड."
जिन्यात त्याच्या चपला वाजत गेल्या. खालच्या फाटकापर्यंत ऐकत उभा राहिलो. मागे गेलो नाही.
सुनंदा : "शेंडा काय, परत येतो. पण माझं घर म्हणलात तुमी."
मोटारीचं काम शिकायला मला बीडला कोणी धाडलं? मागे रानात एकटा कोण राबला? आणि मी त्याला...

२५ मार्च
फुटवा आला. खुडल्याखाली तीन-चार फांद्या, आडव्या. खांब मोडला, झुडूप झालं. खरं म्हणजे बरं दिसतंय.
हेच सांगायला दिंद्रुडला फोन. वहिनी : "रानात गेलेत, भावजी."
तिच्या मागे खोकला. तो खोकला मी हजारात ओळखीन. बरं म्हटलं, ठेवला.

९ एप्रिल
उजव्या डोळ्याची तारीख गेली. दवाखान्यातून मलाच विचारणा. डॉक्टर म्हणाले, फार पिकू देऊ नका, अवघड जाईल. पुढली तारीख २१ मागून घेतली. घेऊन काय करणार, माणूस कुठाय.

१६ एप्रिल
ऊन फार. पानं कडेने करपली. फोन करायला निमित्त झालं.
"वहिनी, दादाला विचारा, झाड करपतंय. काय करू?"
तिने फोनवर हात ठेवला. हाताआडून हळू आवाज : "कुंडी भिंतीच्या सावलीला घे म्हणावं. दुपारचं पानी नको."
मग वहिनी : "घरी न्हाईत, भावजी. आले की इचारते."
"बरं. आन् डोळ्याची तारीख एकवीस हाय. गाडी घेऊन मीच येतो." जरा मोठ्यानेच म्हणालो, मागे ऐकू जाईल असं.
मागून खोकलासुद्धा नाही.
कुंड्या सावलीला घेतल्या.