करकोचे आणि बाबांची दुर्बीण

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉन्व्हेंटच्या मैदानावर मी आणि धाकटी नलू नखांवर नखं घासत उडत्या पक्ष्यांकडे फुलं मागायचो, नखांवर पांढरे ठिपके उमटावेत म्हणून. सिस्टर रागावल्या की नलू माझ्यामागे लपायची.

आज ती बाबांची दुर्बीण मागायला आली होती. मुलाच्या हडपसरच्या फ्लॅटमधल्या शोकेससाठी. गच्चीत चहा घेत होतो, तेवढ्यात करकोच्यांची लांब रांग डोक्यावरून भिगवणच्या दिशेने निघाली.

"नले, करकोचे बघ."

तिने मानही वर केली नाही. "जाऊ देत त्यांना कुठे जायचंय तिथे. दुर्बिणीचं बोल, ताई. तुझ्यामागे कोण बघणार आहे त्यातून?"

बाबांची दुर्बीण, शोकेसमध्ये. या वयात इतका राग यावा का? यावा.

तिच्यासोबत आलेली सून ऋचा, अकोल्याची, मात्र कप खाली ठेवून वर बघत होती. ओढणीखाली नखं घासत होती, सासूला दिसू नये अशी.

नलूने एकदा तरी वर बघायला हवं होतं.

सकाळपर्यंत माझा राग विरघळेल, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. माझ्यामागे दुर्बीण ऋचाला द्यावी. दुर्बिणीची चामड्याची रिकामी केस नलूला. शोकेसमध्ये शोभेल.