उतरणारे एक, चढणारे एक

बुधवार, १२ मार्च

बाबा,

नमस्कार. तुमचा गुडघा थंडीत दुखला, आता बरा आहे, दुकान चालू आहे, एवढं आत्याकडून कळतं. मीही बरी आहे.

"तुझ्या घरी मी पाणी प्यायलासुद्धा येणार नाही." नऊ वर्षांपूर्वी दुकानाच्या काउंटरमागून, डोळ्यावरचं भिंग न काढता तुम्ही म्हणाला होतात. मी नवऱ्याचं घर सोडल्याचं सांगायला आले होते. तुम्ही पुन्हा हातातल्या घड्याळाकडे वळलात आणि मी पायऱ्या उतरले.

पण पत्र त्याबद्दल नाही. कामाबद्दल लिहायला बसले आहे, तर आधी कामाचंच.

माझ्या घरासमोर जुनी गोदामं होती ना, तिथे सहाशे चाळीस घरांची वसाहत येते आहे. एवढं मोठं बांधकाम असलं की पर्यावरणाच्या परवानगीसाठी अहवाल लागतो. झाडं, पाणी, धूळ यांची प्रकरणं दुसरे लिहितात, वाहतुकीचं मी. नवी माणसं आली की रस्त्यावर किती गाड्या वाढतील, चौकात किती वेळ खोळंबतील, पायी चालणाऱ्यांचं काय होईल, हे त्यात असतं. वसाहतीचं फाटक बरोबर बसस्टॉपच्या जागी येतं. म्हणून स्टॉप सातशे मीटर पुढे, पुलापलीकडे हलवावा, असं मी लिहिलं. आम्ही चार दिवस माणसं बसवून मोजलं होतं. स्टॉप जवळजवळ रिकामा असतो, असं आकडे सांगत होते. आकड्यांवर मी सही केली.

त्याच कामासाठी आसपासच्या आणि त्या बसच्या मार्गावरच्या घरांतून फॉर्म भरून घेतले होते. कालचा दिवस आठवा, कुठून निघालात, कुठे गेलात, किती वाजता, कशासाठी. फॉर्मवर नाव नसतं, फक्त क्रमांक. तीन आठवड्यांपूर्वी ते संगणकात भरणाऱ्या आमच्या बाई एक कागद नाचवत माझ्या टेबलाशी आल्या.

"मॅडम, हे बघा. बाकी सगळे लिहितात साधारण अकरा, अंदाजे बारा. आणि हे आजोबा! दहा बावन्नला उतरले, अकरा एकतीसला चढले. इतका वक्तशीर माणूस, आणि गेला कुठे? स्टॉपवर! तिथून परत घरी!"

मी हसले. मग वयाच्या रकान्यातला सात बघितला, तुम्ही काढता तसा, मध्ये आडवी रेघ मारलेला.

"ही फेरी धरायची का?" बाईंनी विचारलं. "कुठे गेलेच नाहीत, तर आपल्या नियमात बसत नाही."

'कशासाठी' या रकान्यात तुम्ही आधी 'भेट'वर खूण केली होती. मग ती दोन रेघांनी खोडून 'इतर'वर केली होती.

फॉर्म कुणाचा आहे हे ओळखण्याचा मला हक्क नाही, बाबा. ओळखून त्या माणसाला पत्र लिहिण्याचा तर मुळीच नाही. बाईंना म्हटलं, "राहू द्या माझ्याकडे, बघते." आणि तो कागद तीन आठवडे माझ्या खणात आहे. दिवसातून दोनदा खण उघडते आणि बंद करते. अहवालाच्या एका पानाच्या चार वेळा प्रती काढल्या, हातात काय आहे ते न बघता.

त्यानंतर मला एक गोष्ट सुचली, जी वीस वर्षं हे काम करणारीला आधी सुचायला हवी होती. आम्ही रस्ता गर्दीच्या वेळी मोजतो, सकाळी आठ ते दहा, संध्याकाळी पाच ते सात. रस्त्याची परीक्षा त्या वेळीच होते म्हणून. पण गुडघे दुखणारी माणसं गर्दी टाळून निघतात, त्यामुळे ती आमच्या आकड्यांत येतच नाहीत. मी पुन्हा मोजणी करायला लावली, दहा ते एक. पहिल्याच दिवशी त्रेपन्न माणसं निघाली. बरीचशी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाणारी. मंगळवारच्या तक्त्यात एक ओळ होती: १०:५२, उतरणारे एक. खाली: ११:३१, चढणारे एक.

मी प्रकरण बदललं. स्टॉप आहे तिथेच, फाटक मागच्या गल्लीत. बांधकामवाल्यांचे आर्किटेक्ट फोनवर तडकले. "मॅडम, महिन्यापूर्वी तुम्हीच हलवा म्हणालात! चार म्हाताऱ्यांसाठी आख्खा नकाशा फिरवू?" मी म्हटलं, "त्रेपन्न." ते म्हणाले, "बघू सुनावणीत." सुनावणी एकवीस तारखेला आहे. स्टॉप राहील की नाही, मला सांगता येत नाही. पुलापलीकडून तुम्हाला चालवणार नाही, हे मात्र सांगता येतं.

दुसऱ्या कुणाचे वडील असते तर मी पुन्हा मोजलं असतं का? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आता उरलेलं.

मंगळवारी दुकान बंद असतं आणि मंगळवारी मी ऑफिसात असते. दोन्ही गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत. म्हणजे भेट होऊ नये अशाच वेळी तुम्ही भेटायला येता. काल मी रजा घेतली. पडद्याआड उभी राहिले. दहा बावन्नला तुम्ही उतरलात, बाकावर रुमाल अंथरून बसलात. माझ्या गॅलरीकडे बघितलंत. दोरीवर माझा पिवळा टॉवेल होता, तो वाऱ्याने एका बाजूला घसरत होता, आणि तुम्ही हात जरासा उचललात, जणू तिथूनच सारखा करणार होतात. मी चप्पल घातली. दारापर्यंत गेले. चप्पल काढली. पुन्हा घातली. एकोणचाळीस मिनिटं मी हेच केलं. मग बस आली.

तुम्ही दिलेला शब्द पाळलात. मला तर कुठला शब्दही पाळायचा नव्हता, तरी मी चार जिने उतरले नाही.

नवऱ्याच्या घरात मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. सहा वर्षांत एकदाही, 'आज दिवसभर कुठे होतीस, काय केलंस' असं कुणी विचारलं नाही, इतकंच. एवढ्याशा कारणाला तुम्ही हसाल म्हणून तेव्हा सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. आमचा दोन पानी फॉर्म जेवढं विचारतो, तेवढंसुद्धा आपण दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही.

निघताना मी एकच वस्तू उचलली होती, लग्नात तुम्ही दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. स्वयंपाकघरात लावलं आहे. दिवाळं निघालेल्या दुकानासारखं गेलं वर्षभर बंद आहे. दुसऱ्या कुणाला उघडू दिलेलं नाही.

येत्या मंगळवारी मी घरी आहे. चौथा मजला, लिफ्ट चालू आहे. पाणी पिऊ नका, मी विचारणारही नाही. दुरुस्तीला आलो म्हणा, हत्यारांची पिशवी घेऊन या. तुम्ही म्हणाल, घड्याळ दुकानात आणून टाक, मी गिऱ्हाइकाच्या घरी जात नाही. हेच म्हणाल, माहीत आहे.

तरी विचारते. वर याल?

तुमची,
चप्पल घालून बसलेली
मुलगी