कपाटातले सहा शर्ट

"शर्ट आहेत," लिफ्टवाला म्हणाला. मी वही मांडीवर उघडून, पेन्सिल टेकवून बसलो होतो आणि माझी पाठ पडद्याकडे होती, म्हणून मला विचारावं लागलं, शर्ट म्हणजे काय. तो म्हणाला, शर्ट म्हणजे शर्ट. कपाट उघडलं, आत सहा शर्ट टांगलेत, एकाचं बटण तुटलंय. भूगोलाच्या बाईंनी चष्मा पुसला. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. मी नियम मोडून मागे वळलो. सहाच होते.

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार आधी आणि शर्ट मागून, हे मला कळतं, पण हात आधी तिकडे गेला. आता रीतसर. नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद (थोरल्याला आता आशीर्वाद चालतो की नाही, ते वहिनींना विचारून ठरव). तुझं पाठीचं दुखणं कसं आहे? मी बरा. बाबाही बरे, म्हणजे भूक आहे, झोप आहे, डाव्या कानाशी ओरडलं तर ऐकू येतं. डोळ्याचं तुला माहीत आहे. डावा गेला तो गेला. उजव्याचा मोतीबिंदू इतका पिकलाय की डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आणखी थांबलात तर आत दाब वाढेल आणि हाही जाईल. गुरुवारी सकाळी दहाची वेळ दिली आहे. बाबा म्हणतात, मोठा आला तर जाईन, नाहीतर घरीच बरा. तू फोनवर "बघतो" म्हणालास. त्यावर पुढे येतो. आधी शर्ट.

तुला आमचं मंडळ माहीत नाही. (तीनदा फोनवर सांगितलं. तिन्ही वेळा तू "अरे वा" म्हणालास.) मी ज्या दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्या बनवतो त्यांचा दवाखाना रविवारी दुपारी बंद असतो. तेव्हा बाहेरच्या खोलीत, हिरड्यांच्या तक्त्यावर चादर टांगून आम्ही चौघं भयपट बघतो. नियम एकच, डॉक्टरांनी केलेला: ज्याने सिनेमा सुचवला त्याने तो बघायचा नाही. त्याने पडद्याकडे पाठ करून, बघणाऱ्यांकडे तोंड करून बसायचं आणि कोण किती वेळा दचकलं त्याच्या रेघा वहीत मारायच्या. आपल्याला काय आवडलं हे कुणीही सांगतो, डॉक्टर म्हणतात, ते दुसऱ्याच्या तोंडावर दिसलं पाहिजे. (दिवसभर उघडी तोंडं बघणाऱ्या माणसाला असा नियम सुचणारच.) ज्यात माणसांच्या आधी संगीतच घाबरतं तो सिनेमा त्यांच्या लेखी वाया गेलेला. बाईंचं वेगळं. घराचा जिना कुठे आणि मागचं दार कुठे हे नीट दाखवलं नसेल तर त्या घाबरायला साफ नकार देतात. त्या सुचवतात त्या सिनेमांत भूत नसतंच. एक कुटुंब जेवायला बसतं आणि एक खुर्ची जास्त असते, एवढंच. लिफ्टवाला लिफ्ट दुरुस्त करतो. आजवरच्या एकाही भयपटातली लिफ्ट बरोबर नाही असं त्याचं मत आहे आणि प्रत्येक लिफ्टच्या वेळी तो ते नव्याने सांगतो. पण शिफारशी त्याच्याच चांगल्या. मागे त्याने एका रिकाम्या पोहण्याच्या तलावाचा सिनेमा आणला. तलाव भरेपर्यंत त्यात काही होत नाही आणि भरल्यावरही होत नाही. बाई अकरा वेळा दचकल्या.

अशा लोकांत माझा शब्द शेवटचा होता. (दुसरीकडे कुठे तो पहिलाही नसतो, हे तुला वेगळं सांगायला नको.) कारण मी तो सिनेमा पाहिला होता. भाड्याच्या घरात राहायला येणाऱ्या कुटुंबाचा, आपण पाहिला तोच. मी नऊ वर्षांचा, तू चौदाचा. तीन वर्षं कुणी काहीही सुचवलं की मी म्हणायचो, ठीक आहे, पण त्या कपाटाची सर नाही. कपाट उघडतं, आत ओल्या केसांची बाई पाठमोरी उभी असते, ती हळूहळू वळते, आणि वळून झाल्यावरही पाठमोरीच असते. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी हातातलं बिस्कीट खाली ठेवलं होतं. म्हणाले, असं सुचतं तरी कुणाला.

कुणाला ते आता मला कळलं. कारण मी तरी तो कुठे पाहिला होता? माझ्या डोळ्यांवर तुझा हात होता. डाव्या बाजूला तू, सायकलच्या साखळीच्या तेलाचा वास येणारा तुझा तळहात, आणि कानाशी तुझा आवाज: आता मीट, आता कपाट, आता बाई. त्या बाईला मी बत्तीस वर्षं भ्यालो. अजून कुठलंही कपाट मी एका हाताने उघडत नाही. लिफ्टवाल्याने कुठून कुठून शोधून तो सिनेमा मिळवला, तोही माझ्या वाढदिवसासाठी, आणि मी दाढी करून, नवी पेन्सिल घेऊन गेलो. बाकीचं वर लिहिलंच आहे.

शर्टांनंतर मी पुन्हा पाठ करून बसलो. वहीत तिघांच्या नावांपुढे काही नाही. लिफ्टवाला हळूच म्हणाला, लहानपणचं मोठं वाटतं, होतं असं. डॉक्टर एखाद्या कवळीचा रंग जुळत नाही म्हणून सांगावं तसे म्हणाले, की मग बाकीच्या सिनेमांवरची तुमची मतंही एकदा तपासून घ्यावी लागतील. बाईंनी विचारलं, त्या घराला मागचं दार आहे का. मी म्हटलं, माहीत नाही. तीन वर्षांत हे दोन शब्द मी त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारले.

मग शेवटची दहा मिनिटं राहिली आणि तिघांची तोंडं बदलली. आधी बाई. मग डॉक्टर, ज्यांच्या नावापुढे आजवर चार रेघा आहेत. लिफ्टवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. ते मला बरं वाटलं नाही, म्हणून मी दुसऱ्यांदा वळलो. पडद्यावर त्या घरातले दोन भाऊ होते. थोरला धाकट्याला पलंगावर बसवतो. म्हणतो, डोळे मीट, शंभर मोज, मी आलोच. बाहेर जातो, दार ओढून घेतो आणि बाहेरून कडी लावतो. धाकटा मोजत राहतो. त्याच्या तोंडून शंभर येतात तिथे सिनेमा संपतो.

हे तू मला बघू दिलं नाहीस. हात घट्ट दाबून धरलास आणि पुन्हा बाईच सांगत बसलास. ती माया होती, असं मी पाच मिनिटं धरून चाललो. मग आठवलं, चौदा वर्षांपूर्वी घर सोडून निघताना, बॅगा खाली नेता नेता तू जिन्यात थांबून म्हणालास, बाबांकडे बघ, मी आलोच. (तुझ्या लक्षात नसेल. तुझ्या हातात दोन बॅगा होत्या, माझ्या हातात तिसरी.) वहीत त्या तिघांपुढे सात रेघा आल्या. माझ्या नावापुढे मी मारली नाही. मी दचकलो नव्हतो. तो प्रसंग मला पाठ होता.

वहिनींना वाचून दाखवलंस तर कपाटापर्यंतच दाखव.

तुझा,
धाकटा

ता. क. (सोमवार) एवढं सगळं सिनेमाबद्दल लिहिलं, लिहायचं होतं ते दोन ओळींचं. गुरुवारी ये. आत नेण्याआधी दीड तास बाहेरच्या खोलीत बसवतात, दर दहा मिनिटांनी थेंब घालतात, डोळा मिटून बसायचं असतं. बाबांना डाव्या बाजूला माणूस लागतो. तू नुसतं बसायचंस. काही सांगायचं नाही.

ता. क. दुसरा (बुधवार) तुझा निरोप मिळाला: "या आठवड्यात अवघड आहे, पुढची तारीख मिळते का बघ." बघितली नाही. आता विनंती वेगळी आहे. उद्या दहा ते बारा घरी किंवा माझ्याकडे फोन करू नकोस. त्या वेळात तू बाबांच्या शेजारी बसलेला असशील. तुझे चार शर्ट कपाटात होते (दोन्ही हातांनी उघडलं). त्यातला निळा लिफ्टवाल्याला खांद्यात सैल होतो, पण बाबांना कुठे दिसतंय. त्याला बजावलंय, फार बोलायचं नाही. तो म्हणाला, तुमचा दादा कमी बोलतो का? मी म्हटलं, बोलतो, पण लांबून. त्याने हात तीनदा धुतले तरी वंगणाचा वास जात नव्हता. मी म्हटलं, राहू दे.

ता. क. तिसरा (शुक्रवार) पत्र टाकायचं राहून गेलं. काल दीड तास बाबांनी त्याचा हात सोडला नाही. ऑपरेशन नीट झालं. आज सकाळी नऊला डोळ्यांच्या दवाखान्यात पट्टी काढली. लिफ्टवाला कामावर जाता जाता तोच शर्ट घालून आला होता, मी नको म्हटलं असताना. बाबांनी आधी खिडकी बघितली, मग मला, मग बराच वेळ त्याला. मग म्हणाले, "याला चहा दे. काल हात अवघडला असेल त्याचा." मी खालून तीन चहा आणले. चहा पिऊन लिफ्टवाला कामावर गेला. शर्ट काढून द्यायला लागला होता, बाबांनी नको म्हटलं.