हार्लनला काहीही नाही

मी, लोवेल अँडर्स थॉर्सरुड, वय एक्याऐंशी, राहणार टॅमरॅक क्रीक, मोंटाना, लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचं विचारत नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे. याआधी लिहिलेलं सगळं रद्द समजावं.

कलम १. घर, मागची दोन एकर जागा, बँकेतली शिल्लक आणि ट्रक माझी मुलगी कॅरिन हिला. अंमलबजावणीही तिनेच करावी. ट्रकचा डावा दरवाजा खांद्याने ढकलावा लागतो. दुरुस्तीच्या फंदात पडू नये.

कलम २. काडतुसं भरण्याचं यंत्र, तराजू आणि झाडून झालेल्या पितळी पुंगळ्यांचे बारा डबे, हेही कॅरिनला. म्हाताऱ्याचा खुळा नाद होता असं तिला कोणी सांगू नये. एल्कच्या शिकारीचं चांगलं काडतूस दुकानात तीन डॉलरला पडतं. मी रिकामी पुंगळी साफ करतो, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवतो, दारू तोलून घालतो, वर गोळी दाबतो. सव्वा डॉलरमध्ये काम. एक पुंगळी सात-आठ वेळा चालते. सरावाच्या बारक्या काडतुसांत दुकानातलं हजार नगांचं घाऊक खोकंच स्वस्त, हे मी मान्य करतो. खोटं बोलून जिंकायची मला सवय नाही. पण मोठ्या काडतुसांत?

माझा धाकटा भाऊ हार्लन बत्तीस वर्षं थँक्सगिव्हिंगच्या टर्कीवर सुरी ठेवून तेच म्हणत आलाय. "दादा, घाऊक घे. यंत्राची किंमत धर, तुझे तास धर, मग सांग काय वाचलं."

अरे, माझे तास तू कधीपासून विकत घ्यायला लागलास? यंत्राची किंमत १९८० सालीच फिटली. आणि हा बोलणारा कोण, तर सुतार! स्वतःच्या स्वयंपाकघरातली कपाटं घरी केली तेव्हा याने तास धरले होते का?

एकोणपन्नास वर्षांत माझ्या हातून एक काडतूस चुकलेलं नाही. हेही इथे नोंदवून ठेवतो.

कलम ३. काडतुसं भरायचं टेबल कॅरिनला. हे हार्लनने १९९१ च्या हिवाळ्यात न मागता करून आणलं. मॅपलचं लाकूड, सांधे चोख. पण वर दारूच्या डब्यासाठी खाच एकच, तीही एका डब्यापुरती. बाकीचे डबे भिंतीवरच्या कुलपाच्या कपाटात. मी विचारलं, "फळी संपली का रे?" तर म्हणाला, "हो, संपली." सख्ख्या भावासाठी फळी संपते!

कलम ४. हार्लनला काहीही नाही. वडिलांनी आपली रायफल मला, थोरल्याला, न देता त्याला दिली, आणि त्याने ती १९९१ च्या पानगळीत विकून टाकली. कोणाला, कितीला, आजवर सांगितलेलं नाही. त्याच दिवसांत जंगलात फांदी लागून त्याचा उजवा डोळा गेला. तेव्हापासून मी चारचौघांत म्हणत आलो आहे, की ज्याला फांदी दिसली नाही त्याला एल्क काय दिसणार. त्याला काडतुसं हवी असतील तर दुकान उघडं आहे.

कलम ५. इथवर मंगळवारी लिहून झालं. वकीलबाई म्हणाल्या होत्या, ज्या घरात काही जातंय त्या घरातली सही साक्षीला नको. हार्लनच्या घरात काही जात नव्हतं, म्हणून मी त्याच्या बायकोला, व्हर्नाला, सहीला बोलावलं. खाली तिचं नावही लिहून ठेवलं. ती बसली आणि वाचायलाच लागली.

मी म्हणालो, "साक्षीदाराने वाचायचं नसतं. सही करायची असते."

"भावजी, मी पिठाची पिशवीसुद्धा वाचल्याशिवाय घेत नाही."

चौथ्या कलमाला तिने चष्मा काढला, उठली आणि निघून गेली. अर्ध्या तासाने परतली ती जुन्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून. वडिलांची रायफल. नळीचं मूळ फाटलेलं, दस्ता उभा चिरलेला. सोबत माझी काडतुसांची पेटी, वर माझ्या अक्षरात: हार्लन, पाच नग, ऑक्टोबर १९९१. आत चार काडतुसं.

"फांदी नव्हती, भावजी," ती म्हणाली. "यातलं पहिलंच होतं."

मी चारही उघडून पाहिली. आत पिस्तुलाची झटकन भडकणारी दारू होती, रायफलमध्ये कधीच घालू नये अशी. त्या वेळी रायफलच्या आणि पिस्तुलाच्या दारूच्या, माझ्या दोन्ही डब्यांची झाकणं हिरवी होती. दोन्ही एकदम टेबलावर असणार. माझ्या बायकोला, इन्ग्रिडला, पुरून तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

मी तसाच त्याच्या सुतारखान्यात गेलो, मागोमाग व्हर्ना. तो खुर्चीला पॉलिशपेपर मारत होता.

"कुठल्या झाडाची फांदी होती रे?"

त्याने बायकोकडे पाहिलं. "सांगितलंस?"

"यांनी काय लिहिलंय ते वाचलं, म्हणून सांगितलं."

"मला का नाही बोललास?" मी ओरडलो.

"तू फक्त त्या यंत्राशी बसायला अंथरुणातून उठत होतास, दादा. तेही काढून घेतलं असतं तर कशासाठी उठला असतास?"

"आणि ते घाऊक, घाऊक?"

"तुझी काडतुसं का नकोत याला काहीतरी कारण द्यायला हवंच की." मग गालात हसला. "शिवाय स्वस्त पडतं."

बत्तीस वर्षं! मी याच्या डोळ्यावर विनोद करतोय आणि हा मला टर्कीची तंगडी वाढतोय! आणि ती खाच, ती एका डब्याची खाच! स्वतःला माझ्याकडून कंजूष म्हणवून घेतलं, चोर म्हणवून घेतलं. लहान मुलासारखं सांभाळलं, मला न विचारता. डोळा त्याचा गेला, म्हणून मला रागावण्याचा हक्क नाही असं व्हर्ना म्हणते. मी तरीही रागावलो आहे. हा राग मी मेल्यावरही सोडणार नाही, आणि तोही हार्लनच्याच नावे करून ठेवतो.

कलम ६. कलम ४ रद्द. ते खोडलेलं नाही. मी काय लिहिलं होतं ते दिसू दे. एकही काडतूस चुकलं नाही हे कलम २ मधलं वाक्यही खोटं आहे. माझी रायफल हार्लनला, वडिलांची मी फोडली तिच्या बदल्यात. तिच्यात त्याने घाऊक काडतुसं घातली तरी माझी हरकत नाही.

घरात भरून ठेवलेली दोनशे चाळीस काडतुसं कोणीही झाडू नयेत, कॅरिननेसुद्धा. हार्लनच्या देखत ती उघडून मोकळी करावीत. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलमध्ये घालायचं नाही, हा आम्हा काडतुसं भरणाऱ्यांतला जुना नियम. तो मी भावाला मोडायला लावला, आणि पुन्हा मोडत नाही म्हणून बत्तीस वर्षं टोमणे मारले.

वडिलांची फुटकी रायफल टेबलामागच्या भिंतीवर, त्या खाचेच्या बरोबर वर टांगावी. कोणी विचारलं तर खरं सांगावं. फांदी म्हणून सांगू नये.

ठिकाण: टॅमरॅक क्रीक. गुरुवार, १४ सप्टेंबर २०२३.

सही: लोवेल अँडर्स थॉर्सरुड

आमच्या समोर, हात न थरथरता सही केली:

१. रॉस्को पेल्टन, टपालवाला

२. डोरीन हॅक्सबी, वाचनालय

(व्हर्ना थॉर्सरुड हे नाव मी खोडलं आहे. तिच्या घरात आता काही जातंय, म्हणून तिची सही चालत नाही. – लो. थॉ.)