काजळीच्या कणावर चढलेला बर्फ

ती. बाबांना,
धाकटीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

चार महिने फसलेला प्रयोग आज जमला. ताऱ्यांमधल्या पोकळीत असते तशी थंडी आम्ही पोलादी टाकीत आणली आणि काजळीच्या कणावर बर्फाचा पातळ थर चढला. असेच कण लाखो वर्षं एकमेकांना चिकटत जातात, मग त्यांतून पृथ्वीसारखे गोल घडतात. बघता बघता वाटलं, मीही त्या काळोखात तरंगतेय.

"अगं, रडतेस काय?" प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

"हा कण बघून बाबा आठवले. ते पाथरवट आहेत. दगडाची धूळ त्यांच्या छातीत बसलीय."

आई लिहिते, खोकला कमी आहे. खरं का हो? बाईंनी लगेच रजा दिली. रविवारी येते. दवाखान्यात आपण दोघं जाऊ, कुरकुर चालणार नाही.

तुमचीच,
धाकटी