शोकसभेतलं तुझं भाषण

दादा,

काल शोकसभेत तू सुईणमावशीला "आपल्या बेटाची आई" म्हणालास आणि मला शिसारी आली.

निम्म्या बेटाला जन्मताना पहिला हात तिचाच लागला, तुलाही. तिला धाप लागली तेव्हा मी तुझ्या लाँचकडे धावले. "गिऱ्हाईकं बसलीत, उद्या बघू," म्हणालास. शेवटी म्हाताऱ्या नावाडीकाकांनी वल्ही मारत तिला पलीकडच्या दवाखान्याकडे नेलं. "आलोच हं आपण," ते तिला सारखं सांगत होते. समोरचा धक्का दिसायला लागला आणि ती माझ्या मांडीवर गेली. त्या श्रमांनी आठवड्याभरात काकाही गेले. त्यांचं तू नावसुद्धा काढलं नाहीस.

सभा संपल्यावर तू विचारलंस, "बरं बोललो ना?"

"छान बोललास," मी म्हणाले. तेव्हापासून माझीच मला किळस येतेय. हे पत्रही मी फाडूनच टाकीन.

तुझी भित्री बहीण