दोनशे अकरा चुकांची वही

तीर्थरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं. गुडघा कसा आहे? शिवणाचं मशीन पायाने चालवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं; तू हो म्हणाली असशील आणि चालवत असशील. (कंपाउंडरकाका, नमस्कार. दवाखान्यातली गर्दी सोडून दर वेळी तुम्ही आत्याला माझं पत्र वाचून दाखवता, याची मला जाणीव आहे. या खेपेला एक विनंती. कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे. तो मनात वाचावा आणि चेहऱ्यावर काही दिसू देऊ नये. आत्याला अक्षर वाचता येत नसलं तरी चेहरा वाचता येतो.)

आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहिणार होते. पण छापखान्यात दिवसभर प्रुफं तपासून आता चुकीचं वाक्य पुढे जाऊ देववत नाही. तेव्हा दुरुस्त करून लिहिते: मी बरी आहे, आई बरी आहे, आणि पाट्या रंगवण्यात अख्खी हयात गेलेल्या तुझ्या भावाने, म्हणजे आमच्या दादांनी, सोळा दिवस ब्रश हातात घेतलेला नाही. दोष माझा.

मला एक नाद आहे, तो तुला कधी सांगितला नव्हता. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. मी पाट्यांवरच्या चुका जमवते. सुरुवात आमच्याच इमारतीत झाली. 'लिफ्ट बंद आहे, कृपया जीव वापरावा.' जिना म्हणायचं होतं. मी हसत हसत चौथ्या मजल्यावर पोचले आणि वर गेल्यावर वाटलं, चूक तरी कुठे आहे? दुसऱ्या दिवशी वही आणली. नियम कडक ठेवले. ऱ्हस्वदीर्घ धरायचं नाही, ते जमवायचं तर गोदाम लागेल. चुकीने अर्थ बदलला पाहिजे, पाटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली पाहिजे, आणि अक्षर जसंच्या तसं, शेपटी-वेलांटीसकट उतरवून घेतलं पाहिजे. एका बंगल्याच्या फाटकावर 'पुत्रापासून सावध राहा' सापडलं, त्या दिवशी मला आनंदाने जेवण गेलं नाही. अशा दोनशे अकरा झाल्या. छापखान्याच्या मालकांनी वही पाहिली आणि म्हणाले, याची पुस्तिका काढू, वर तुझं नाव घालू. आपल्या घराण्यातलं पहिलं छापील नाव, आत्या. मी हुरळून गेले.

रविवारी दुपारी आईला आणि दादांना वही वाचून दाखवली. सगळ्यांत मोठ्याने दादाच हसत होते. 'आमचे दुकान समोरच्या गल्लीत हरवले आहे' याला तर त्यांनी डोळे पुसले. दुकान हलवलं होतं बिचाऱ्याने. मग अक्षर कसं आहे बघू म्हणून त्यांनी वही ओढली. एका अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, "या ह ची शेपटी माझी आहे."

मग पानं उलटत गेले. हे माझं. हेही माझं. हे नाही, हा कोण गबाळा आहे. हे माझं. त्रेसष्ट निघाल्या. तुला ठाऊकच आहे, दादांना अक्षर काढता येतं, वाचता येत नाही. गिऱ्हाईक चिठ्ठी देतं आणि दादा तिचं चित्र काढतात. मला हे आधीच ओळखता यायला हवं होतं. पण मी अक्षरं शिकले तीच त्यांच्या पाट्यांवरून. त्यामुळे ते अक्षर कोणा एकाचं आहे असं मला कधी वाटलंच नाही, अक्षर म्हणजे असंच असतं असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दादा शिडी घेऊन सगळ्या पाट्या सुधारायला निघाले. मी रजा काढून मागोमाग गेले, काय लिहायचं ते सांगायला. 'हरवले'वाला दुकानदार शिडीखाली आडवा उभा राहिला. "अहो, रोज चार माणसं आत येऊन विचारतात, सापडलं का म्हणून. आलेला माणूस काहीतरी घेऊनच जातो. उतरा खाली." बंगल्यावर मुलाने दार उघडलं आणि पाटी बदला म्हणाला. आतून वडील ओरडले, "राहू दे, बरोबर आहे." (काका, दादा खाली मान घालून शिडी उचलत होते आणि मला मनातून बरं वाटत होतं, नमुने शाबूत राहिले म्हणून. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.) घरी येऊन दादांनी ब्रश धुतले, कागदात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. म्हणाले, "मला चूक कळायची अक्कल नाही, आणि सुधारू म्हटलं तर सोय नाही."

मग मला तार आठवली. दादा गिऱ्हाइकाची प्रत्येक चिठ्ठी एका तारेला टोचून ठेवतात. माझा जमवायचा नाद कुठून आला, हे त्या तारेकडे बघून कळतं. त्रेसष्टांपैकी एकेचाळीस चिठ्ठ्या सापडल्या. सदतीस चिठ्ठ्यांतच चूक होती, दादा फक्त चारांत चुकले होते. मी नाचत सांगायला गेले. ते म्हणाले, "चार म्हण, चाळीस म्हण. वाचणारी तूच, आणि मुलगीही तूच." मी मन राखायला खोटं बोलतेय, असं त्यांना वाटतं. त्यांना स्वतः पडताळून बघायला येत नाही, हे माझ्या आधी लक्षात आलं नाही.

पुस्तिका नको, असं मी मालकांना कळवलं. ते म्हणाले, तुझ्या वडिलांचं अक्षर आहे हे कोणाला कळणार? म्हटलं, शेपटीवरून कळतं. वही दादांना देऊन टाकली. त्यांनी ती रंगाच्या डब्याखाली ठेवली आहे. मी उचललेली नाही. (चार वेळा हात पुढे गेला.)

तू काळजी करू नकोस. रविवारी दादा तुझा गुडघा बघायला येतील. त्यांना कामाचं काही विचारू नकोस.

तुझी,
मास्तरीण

ता. क. आत्या, पत्र संपलं. पुढचं औषधांविषयी आहे, काका मनात वाचतील. तू चहा टाक.

ता. क. २. काका, आत्याच्या दारावरची पाटी मी वहीत कधीच घेतली नाही. दुसरीत असताना ती वाचली आणि गप्प बसले. 'येथे मापाप्रमाणे शिव्या मिळेल.' इतक्या वर्षांत गल्लीत कोणालाही त्यात चूक दिसली नाही, त्याचं कारण तुम्हीही आत्याच्या तोंडून ऐकलेलं आहे. मी तिला दादांची चूक समजत होते. त्या पाटीची चिठ्ठी तारेवर अगदी तळाशी निघाली. दवाखान्याचा कागद, तुमचं अक्षर. 'शिवून' तुमच्या मनात असेल, कागदावर नाही. छापखान्यात सहा जणांना दाखवली. सहाही जणांनी 'शिव्या' वाचलं आणि एकाने पत्ता विचारला. दादा माझं मानणार नाहीत, पण चिठ्ठी लिहिणाऱ्यानेच तोंडाने सांगितलं तर मानतील. ती चिठ्ठी त्यांच्या खिशात घालून पाठवते, तुमच्यासाठी म्हणून. एवढं म्हणा, की चूक चिठ्ठीची, ब्रशची नाही. आत्यासमोर म्हणावं लागेल, कारण ती 'हूं' म्हणाल्याशिवाय दादांना काही खरं वाटत नाही.

ता. क. ३. त्यावर आत्या तुम्हाला काय काय बोलेल ते मला कळवू नका. मी जमवणं सोडलं आहे. अगदीच न ऐकलेलं काही निघालं, तर तेवढं एक, जसंच्या तसं.